शेवट पोटात मावेना

या, या, असे अलीकडे सरका. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल आणि बोल माझ्या गोष्टीला येईल. फोन उपडे घाला. चहा ठेवलाय, त्याची चिंता नको. आजच्या कथेत खून आहे, खोटी साक्ष आहे, भरसभेत चोर पकडला जातो, आणि एवढं सगळं होऊनही कोणाच्या केसाला धक्का लागत नाही. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनी आहे. तिथं नवी घरं इतकी एकसारखी, की माणसं दाराबाहेरच्या जँडल्स बघून आपलं घर ओळखतात. जँडल म्हणजे आपली स्लीपरच, परदेशात आली म्हणून नाव बदललेली. तर अशा एका घरात सुलेखाकाकू राहायच्या. मूळच्या इचलकरंजीच्या. मुलगी दीप्ती इथं दवाखान्यात फार्मासिस्ट, जावई दिवसभर बाहेर, नात इरा शाळेत. काकूंचे यजमान गेल्यावर दीप्ती म्हणाली, "आई, तू आता इकडेच," आणि काकू आल्या. येताना बॅगेत दोन गोष्टी: चटण्या आणि विठोबा. चटण्या विमानतळावर अडल्या, विठोबा सुटला.

काकूंची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे. जोडून झालं की कान काढून घ्यायचा, असा नियम होता. तो कधी मोडलाच नाही, असं काही त्या शपथेवर सांगत नाहीत. पण कुठल्याही संभाषणाचा शेवट म्हणून कधी हाती लागला नाही. मुलगी बघायला गेले, पुढं काय? जमिनीची केस, पुढं काय? ही सगळी भूक त्यांनी कीर्तनात भागवली. संध्याकाळी देवळात झांज वाजली की काकू पहिल्या रांगेत. बुवांचा पूर्वरंग, म्हणजे आधीचं निरूपण, त्या मान डोलावत ऐकायच्या. पण मध्ये बुक्का लावून झाला आणि उत्तररंगाचं आख्यान सुरू झालं, की पदर सावरून पुढे सरकायच्या. आख्यान अर्ध्यावर सोडून उठलं तर घरातला दिवा नीट लागत नाही, असं त्यांची आई सांगे. काकू आयुष्यात एकदाही अर्ध्यावर उठल्या नाहीत.

टाकानिनीत मात्र झांज नाही. सकाळी घर रिकामं झालं, की काकू आणि रिमोट. त्यांनी हळूहळू मालिका बघायला सुरुवात केली. त्या सास-बहूच्या न संपणाऱ्या नव्हेत हं, या घरी बसून बघायच्या, आठ भागांत आटपणाऱ्या, ज्यांत पहिल्याच भागात कोणीतरी मरतं. टीव्हीशेजारच्या फळीवर विठोबा, त्यामुळे देवाकडे पाठ होत नसे. उलट देवही बरोबरीनं बघे. पण या मालिकांत मध्येच काय काय दाखवतात, तुम्हाला सांगायला नको. तसला प्रसंग आला की काकू उठायच्या, विठोबाला हळूच भिंतीकडे फिरवायच्या, प्रसंग संपला की पुन्हा सरळ करायच्या. "बघ आता, निवळलं," असंही म्हणायच्या.

आता या घरबैठकीच्या छंदाला सभा कशी लाभली, ते ऐका.

ओटाहुहूच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा महिन्यातून एका रविवारी दुपारी 'घरबसल्या' नावाचा कार्यक्रम असे. चालवणारा रणजित. तो विद्यार्थी म्हणून आला, पेट्रोलपंपावर उभा राहून शिकला, आता पाइपांच्या कंपनीत साहेब झालाय. त्याचं म्हणणं, दर शुक्रवारी इतकं काही नवीन येतं की काय बघावं हे ठरवण्यातच वीकेंड जातो. तेव्हा कोणीतरी आधी बघून आपल्याला सांगावं. हे सांगण्याचं काम डॉक्टर नितीश करायचे. हिल्सबरोला राहणारे, मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. अभ्यास दांडगा. कॅमेऱ्याचा कोन, पात्राचा प्रवास, रंगांची योजना, पाचपैकी साडेतीन तारे. फक्त एवढंच, की डॉक्टर बोलायला लागले की श्रोत्यांच्या माना पडायच्या. "पेशाच आहे त्यांचा," असं मागच्या रांगेत म्हणायचे. "नोकरीत सुई लागते, इथं ती पण नाही."

एका रविवारी डॉक्टरांना अचानक शस्त्रक्रियेला जावं लागलं. रणजित घाबराघुबरा. दीप्तीच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आईनं बघितल्यात हेपभर," म्हणजे इथल्या बोलीत ढीगभर.

काकू उभ्या राहिल्या. माइक हातात घेतला आणि काय झालं कोण जाणे, त्यांचा एक पाय पुढे गेला, हात कमरेवर आला, आणि आवाज इचलकरंजीच्या देवळातल्या बुवांचा लागला. "तर श्रोतेहो, गाव होतं कोकणातलं, आणि विहीर होती खारी!" 'खारी विहीर' या मालिकेचं असं आख्यान ओटाहुहूत कोणी ऐकलं नव्हतं. फौजदार चालला की काकू चालत, विधवा रडली की काकूंचा आवाज कापरा होई. शेवटी त्यांनी खुनी सांगितला: गावाचा लाडका मुख्याध्यापक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारे किती, असं रणजितनं विचारलं. काकू म्हणाल्या, "तारे मला कळत नाहीत. देव दोनदा फिरवावा लागला."

तेव्हापासून मंडळात हेच माप चालू झालं. लोक दुकानात भेटले की विचारत, "ती नवी कशी आहे? मुलांबरोबर बघता येईल?" "छे हो, देव सरळ करायलाच मिळत नाही."

दोन-तीन महिन्यांत हॉल भरायला लागला. अर्धा वेळ डॉक्टरांचा, अर्धा काकूंचा. पण लोक डॉक्टरांच्या वेळात गाडी पार्क करत आणि काकूंच्या वेळात आत येत. काकूंना तर नवं अंग फुटलं. एरवी महिनाभर "आई, कुकर लावलास का?" यापलीकडे त्यांना कोणी काही विचारत नसे. आता मंडळी फोन करून विचारत, "काकू, रविवारी काय?" त्या एका दुपारीसाठी त्या महिना काढत होत्या म्हणा ना.

आणि नेमकं तिथंच विघ्न आलं. डॉक्टरांनी सभेत तक्रार मांडली.

"काकू शेवट सांगतात," ते म्हणाले. "याला स्पॉयलर म्हणतात. जगात कुठलाही समीक्षक हे करत नाही. मी 'खारी विहीर' लाँग वीकेंडला बघायची म्हणून अजून राखून ठेवली आहे. यांनी खुनीच सांगून टाकला, आणि तो माझ्याही कानावर आला! ती चष्म्याची तुटलेली काडी चौथ्या भागात दिसते, त्यावरून बघणाऱ्यानं स्वतः ओळखायचं असतं. सगळी मजा घालवली."

काकू गोंधळल्या. "अहो पण डॉक्टर, शेवट सांगायचा नाही? मग गोष्ट सांगितली कशाला म्हणायची? देव भक्तासाठी धावून येणार, हे पोटातल्या पोराला ठाऊक असतं. तरी कीर्तनाला माणसं येतातच ना? आली तर आली, रडतातही!"

"हे कीर्तन नाही, काकू."

हे मात्र त्यांना लागलं.

रणजितनं दोन्हीकडची मनं राखत निवाडा केला. "पुढच्या महिन्यात काकूंनी नवीन आलेली 'गेस्टहाऊस नंबर चार' सांगायची, पण शेवट न सांगता. शेवट बाहेर आला, तर काकू, माफ करा, यापुढे एकटे डॉक्टर. डॉक्टर, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. काकू घसरायला लागल्या की घंटी वाजवा." आणि त्यानं हॉटेलच्या काउंटरवर असते तशी टिंग करणारी घंटी डॉक्टरांच्या हवाली केली.

"तुम्ही पाहिलीत का ती?" कोणीतरी विचारलं.

"अजिबात नाही," डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणाले. "कोरी पाटी."

काकू घरी आल्या. भाजी निवडताना एकदम थबकल्या. चष्म्याची काडी? आपण तर काडीचा उल्लेखसुद्धा केला नव्हता! आपल्या लक्षातही आली नव्हती ती. मग मालिका न बघितलेल्या माणसाला काडी कुठून दिसली, आणि तीही चौथ्या भागात?

काकूंनी विठोबाकडे पाहिलं. विठोबानं काही ऐकलं नाहीसं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून इरा आली. काकूंनी तिला समोर बसवलं.

"आजी, जस्ट डोंट टेल द एंडिंग. इट्स नॉट हार्ड."

"तुला काय कळतंय? शेवट पोटात ठेवला की वात धरतो."

"ईऽऽ, आजी!"

"बरं, मला एक सांग. खोटं बोलायचं नाही. पण नुसता प्रश्न विचारला, तर ते खोटं होतं का गं?"

इरानं बिस्किट चावत विचार केला. "नो. अ क्वेश्चन इज जस्ट अ क्वेश्चन."

"ऐकलंस ना रे?" काकू फळीकडे वळून म्हणाल्या. "नंतर मला विचारायचं नाही."

रविवार आला. हॉल इतका भरला, की मागच्या लोकांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडून आत माना घातल्या. पहिल्या रांगेत डॉक्टर, मांडीवर घंटी. काकूंनी मनातल्या मनात नमस्कार केला, पदर खोचला आणि पाय पुढे टाकला.

"श्रोतेहो! डोंगर महाबळेश्वराकडचा. धुकं असं, की आपला हात आपल्याला परका! त्या धुक्यात एक गेस्टहाऊस, आणि गेस्टहाऊसचे मालक अण्णासाहेब. पैसा उदंड, माया बेताची. घरात कोण कोण? उधळा पुतण्या, घुमा आचारी, चाकाच्या खुर्चीत खिळलेली बहीण, आणि जेवायला आलेली गुरांची डॉक्टरीणबाई. जेवण झालं, चहा आला, अण्णासाहेबांनी घोट घेतला... आणि मान खाली!"

सभा खुर्चीत पुढे सरकली. मागं कोणाचं तरी मूल "मम्मी, इज ही डेड?" म्हणालं आणि आईनं त्याचं तोंड दाबलं.

काकूंनी एकेकाला रंगवलं. पुतण्याचं खोटं हसू. आचाऱ्याचं चाकूला धार लावणं. बहिणीचं खुर्चीची चाकं ढकलत खिडकीशी जाणं आणि बाहेर बघत बसणं. सात भाग संपले, आठवा दारात आला. डॉक्टरांचं बोट घंटीवर टेकलं.

आणि काकू थांबल्या. पदरानं कपाळ टिपलं. मग अगदी भाबडेपणानं म्हणाल्या, "आता मला शेवट सांगायची बंदी आहे. मी नाही सांगणार. पण मंडळी, तुम्हाला काय वाटतं? गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे भुलीचं औषध असतंच की. त्यातला एक थेंब चहात पडला तर? एक थेंब, आणि आकडे मोजायच्या आत माणूस गार... असं होऊ शकेल?"

"होऊ शकेल!" सभा एका आवाजात म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत हलले.

"डॉक्टरीणच!" मागून कोणीतरी ओरडलं. "पहिल्यापासून संशय होता. एकटी राहते, गाडी चालवते."

"असं म्हणता?" काकू म्हणाल्या. "आणि ते औषध म्हणे नुसतं हुंगलं तरी चालतं. नाही का?"

"हुंगलं?" डॉक्टरांच्या तोंडून बारीक आवाज आला.

"आणि उरलेलं बशीत ओतून ठेवलं तर आठवडाभर टिकेल का हो?"

"बशीत?" डॉक्टरांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. इकडे सभेनं डॉक्टरीणबाईला जवळजवळ फासावर चढवलं होतं. मंडळाच्या खजिनदारीणबाई हात वर करून म्हणाल्या, "ठरलं मग. डॉक्टरीण. चला, चहा घेऊया?"

त्या क्षणी डॉक्टर नितीश ताडकन उभे राहिले. मांडीवरची घंटी घरंगळली.

"अहो, कसं शक्य आहे? भुलीचं औषध असं चालतं का? चहात, बशीत! आणि डॉक्टरीण कशी करेल? सहाव्या भागात स्पष्ट आहे, ती त्या वेळी गोठ्यात अडलेली गाय सोडवत असते! बहीण आहे बहीण! ती खुर्ची नाटकी आहे, ती पायांनी धडधाकट आहे! तिसऱ्या भागात तिच्या सपातांच्या तळव्याला चिखल दिसतो, कोणाचंच लक्ष नाही का? आणि औषध चहात नव्हतंच, तिनं अण्णासाहेबांच्या झोपेच्या गोळ्या—"

इथं डॉक्टर थांबले. आपण कुठं उभे आहोत, ते त्यांना कळलं.

रणजित वाकला, खाली पडलेली घंटी उचलली, आणि बोटानं दाबली.

टिंग.

मग जे हसू फुटलं ते ओटाहुहूच्या स्टेशनापर्यंत गेलं असेल. "डॉक्टर, कोरी पाटी ना?" "पाटीवर चिखल आहे हो सपातांचा!" "साडेतीन तारे, देव किती वेळा फिरला?" हसून हसून एकीची टिकली पडली. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि ते स्वयंपाकघरात निघून गेले.

काकू जिंकल्या होत्या. शेवट फुटला, पण त्यांच्या तोंडून नाही. रणजितनं अंगठा वर केला. पण काकूंना डॉक्टरांची ती जातानाची पाठ दिसली आणि जिंकण्यातली गोडी निम्मी झाली. चोर पकडायचा म्हणून आपण गेलो खरे. पण चोराचे कान असे लाल होतील, हे कुठं धरलं होतं? त्या पाठोपाठ आत गेल्या.

डॉक्टर सिंककडे तोंड करून धुतलेलाच कप पुन्हा धूत होते.

"रागावलात?" काकूंनी विचारलं.

"नाही. खोटं बोललो होतो, काकू. 'खारी विहीर' आली त्याच दिवशी बघितली होती. सगळ्या बघतो."

"मग मला अडवलंत का? माझी एक दुपार, डॉक्टर. तेवढीच होती हो मला."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "लोक तुमचंच ऐकतात याचा राग होताच, नाही म्हणत नाही. पण दुसरंही आहे. माझ्या बायकोची, सानिकाची, ड्यूटी माझ्या उलटी. ती घरी येते तेव्हा मी निघतो. ठरलंय, मालिका एकत्र बघायच्या. मला धीर निघत नाही, मी बघून टाकतो. मग ती म्हणते, बघितलीस ना? मग मला अजिबात सांगू नकोस, मी बघणार आहे. आणि सुट्टीच्या दिवशी ती शीर्षकगीतातच झोपते. भूल देणारा मी, आणि झोपते ती." ते कसनुसं हसले. "काकू, माझ्या पोटात किती शेवट साचलेत, तुम्हाला कल्पना नाही. घरी बोलता येत नाही. इथं बोललो तर समीक्षेत बसत नाही. आणि तुम्ही आलात, खुशाल सगळ्यांसमोर सांगून मोकळ्या! मला बघवेना."

काकू बघतच राहिल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, समोर वैरी बसलाय. हा तर आपल्याच पंथाचा निघाला, पोटात शेवट घेऊन फिरणारा.

"अरे बाबा," काकूंच्या तोंडून 'डॉक्टर' एकदम गळून पडलं, "हे आधी नाही का सांगायचं? चल."

"कुठं?"

"बाहेर. अण्णासाहेबांच्या गोळ्या तशाच लटकत्या ठेवून आलास. सभा अर्ध्यावर उठली तर माझ्या आईला काय तोंड दाखवू?"

त्यांनी त्याला मनगटाला धरून माइकपुढे आणला. हसणारे हसायचे थांबले. काकू म्हणाल्या, "मंडळी, आजपासून अशी रीत. पूर्वरंग माझा. मी गोष्ट आठव्या भागाच्या उंबऱ्याशी आणून ठेवणार. मग चहा. ज्यांना शेवट नको, त्यांनी कप घेऊन बाहेर जायचं. आणि उत्तररंग डॉक्टरांचा."

"काकू, म्हणजे शेवट तुम्ही सोडणार?" रणजितचा विश्वास बसेना.

काकूंना जड गेलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर ज्याच्यासाठी जीव टाकला, तोच घास दुसऱ्याच्या पानात. पण म्हणाल्या, "आख्यान पुरं झालं म्हणजे झालं. कोणाच्या का तोंडानं होईना."

"स्वीट ॲज!" म्हणजे आपलं झकास, असं रणजित म्हणाला आणि घंटी खिशात टाकली.

मग डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्यांपासून धागा उचलला. सुरुवातीला आवाज चाचरत होता. पण बहीण खुर्चीतून उठते त्या जागी आले, आणि त्यांचाही एक पाय आपोआप पुढे गेला. कॅमेऱ्याचा कोन ते पार विसरले. मागच्या रांगेत एकही मान पडली नाही.

पुढच्या महिन्यापासून तसंच चाललं. काकू उंबऱ्याशी आणून सोडत, चहा होई, रणजित पुकारा करी, "शेवट नको असणाऱ्यांनी बाहेर!" आणि काय चमत्कार, स्पॉयलरच्या नावानं आजवर बोटं मोडणारी सगळी मंडळी खुर्चीला चिकटून बसत. "नाही, म्हटलं, पुढं कधी वेळ मिळेल न मिळेल." कोणी हलायचं नाही.

एकजण सोडून. सानिकाला सुट्टी मिळाली की ती नवऱ्याबरोबर येई. पूर्वार्ध डोळे मोठे करून ऐके, चहा घेई, आणि पुकारा झाला की मुकाट जँडल्स पायांत सरकवून दाराबाहेर जाई. वारा असो, पाऊस असो, हॉलच्या काचेपलीकडे दोन्ही कानांवर तळवे दाबून ती उभी. आत डॉक्टर दिसत, हातवारे करत, घामाघूम, आनंदानं फुललेले. ती त्यांच्याकडे बघून हसत असे. काकूंनी एकदा विचारलं, "अगं, आत ये ना, काय होतंय?" तर म्हणाली, "नको काकू, मी बघणार आहे ना त्याच्याबरोबर." अजून तिचा 'खारी विहीर'चा पहिला भाग संपलेला नाही.

तर मंडळी, माझी गोष्ट झाली. हिचा शेवट कोणालाही सांगा, मोकळीक आहे. पण उद्या घरी एखादी मालिका संपेल, खुनी कळेल, आणि जीभ वळवळायला लागेल, तेव्हा तोंड उघडण्याआधी एवढं करा: दाराबाहेर वाऱ्यात कान झाकून हसत उभी असलेली ती सानिका जरा आठवा.